एसी-फ्रिज ट्रेडची मुलं पहिल्या सीझनसाठी कशी तयार करावीत?

शिल्पनिदेशक_मुंबई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा दोन वर्षांचा ट्रेड शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा हात चांगला बसला आहे. फ्लेअर (तांब्याच्या पाइपचं तोंड फाकवणं), स्वेजिंग (जोडासाठी टोक रुंद करणं), ब्रेझिंग (टॉर्चनं झाळणं), गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावणं, कॅपॅसिटर तपासणं हे सगळं त्यांना येतं. पण येतं ते वर्कशॉपमध्ये, टेबलावर, पंख्याखाली आणि हाताशी वेळ असताना. कामाला लागल्यावर पहिल्या उन्हाळ्यातच बरीच मुलं ट्रेड सोडतात. मालक म्हणतात, पोराला काम येतं पण साइट झेपत नाही.

अभ्यासक्रम माझ्या हातात नाही. शेवटच्या टर्ममधले दहा शनिवार मात्र आहेत, प्रत्येकी तीन तास. बॅच 24 जणांची. मशिनं दोन: एक जुनं आर-22 गॅसचं, एक आर-32 गॅसचं इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग बदलणारं), दोन्ही दीड टनांची. एक व्हॅक्यूम पंप (पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा), नायट्रोजन सिलिंडर रेग्युलेटरसह, चार क्लॅम्प मीटर (करंट मोजणारे). व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्यानं मुलांनी भरपूर ऐकली आहेत, तसलं नको आहे. जे रोज अंधेरी-बोरिवली, परळ-दादर करतात आणि जे अशी मुलं कामाला ठेवतात त्यांनी सांगावं: या तीस तासांत काय घ्यावं आणि काय सोडून द्यावं?

---

सर्व्हिस_अंधेरी

सर, पहिले तीन शनिवार एकाच गोष्टीला द्या: एक पूर्ण इन्स्टॉलेशन, ठरलेल्या क्रमानं, घड्याळ लावून. सुटी सुटी कामं मुलांना येतात. अडतं ते कशानंतर काय करायचं आणि एक काम चालू असताना दुसरं कोणतं उरकायचं यावर. क्रम चुकला की दोन तासांचं काम चार तासांवर जातं आणि मग व्हॅक्यूम वगळायचा मोह होतो.

आधी जागा बघायची. इनडोअरची पाटी कुठे, ड्रेन कोणत्या बाजूनं उतरेल, आउटडोअर कुठे बसेल, पाइप किती लागेल. हे पेन्सिलनं भिंतीवर आणि जॉब शीटवर मांडल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही. मग सोसायटीची वेळ. बहुतेक सोसायट्यांत दुपारी ड्रिलिंग बंद असतं, म्हणून भोकं सकाळी मारून घ्यायची. कोअर कटिंगचं भोक साधारण अडीच इंची, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. उलटा उतार राहिला तर पहिल्याच पावसात पाणी भिंतीतून घरात येतं.

फ्लेअरच्या बाबतीत मुलं तीन गोष्टी विसरतात. नट आधी पाइपावर चढवायचा. बर (कापलेल्या कडेची धार) काढताना पाइपचं तोंड खाली धरायचं, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. आणि नट आधी हातानं पूर्ण बसवायचा, पान्हा नंतर. टॉर्क पान्हा वापरायची सवय इथेच लावा: पाव इंचीला 14 ते 18 न्यूटन मीटर, तीन अष्टमांशला 33 ते 42, अर्धा इंचीला 50 ते 60. मुलं पाव इंचीचा नट अर्ध्या इंचीच्या जोरानं आवळतात. फ्लेअर पातळ होतो, त्या दिवशी टिकतो आणि महिनाभरानं कंपनानं चिरतो. मशीन चालू झालं म्हणजे जोड चांगला असं मुलांना वाटतं, पण गळती त्या दिवशी दिसतच नाही.

नायट्रोजन टेस्ट टप्प्यानं: आधी 50 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) मोठी गळती ऐकायची, मग 200, मग मशीनच्या पुस्तकात दिलेला दाब. नायट्रोजन नाही म्हणून ऑक्सिजन वापरायचा नाही, हे वर्गात रोज म्हणून घ्या. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

आता वेळेचं. नव्या मशीनमध्ये गॅस आउटडोअरमध्ये भरलेला असतो, व्हॅक्यूम फक्त पाइप आणि इनडोअर कॉइलचा करायचा असतो. दोन स्टेजचा पंप ठीक असेल तर 15 ते 20 मिनिटं. पंप चालू असताना ड्रेनमध्ये लिटरभर पाणी ओतून बघायचं, वायरींचे टोक कसायचे, टेप गुंडाळायची, भोक बुजवायचं, खोली झाडायची. असं केलं की व्हॅक्यूमला वेगळा वेळ लागतच नाही. घड्याळ लावून हेच दाखवा. पहिल्या शनिवारी तीन तासांत पुरं झालं नाही तरी चालेल, तिसऱ्या शनिवारी अडीच तासांत बसलं पाहिजे.

सोडायचं काय म्हणाल, तर वर्गातलं ब्रेझिंग कमी करा. स्प्लिटच्या घरगुती कामात पहिल्या वर्षी नवा मुलगा टॉर्च फार क्वचित धरतो.

---

कूलिंग_लाईन

वरच्या दादांशी सहमत, फक्त इन्स्टॉलेशनवरच थांबू नका. मुंबईत वर्षभर पोट भरतं ते सर्व्हिस कॉलवर, आणि तिथे नव्या मुलाची सगळ्यात वाईट सवय म्हणजे घरात शिरल्या शिरल्या गेज लावणं. थंड होत नाही म्हणजे गॅस कमी, हे समीकरण डोक्यातून काढायलाच दोन शनिवार द्या. गॅस बंद सर्किटमध्ये फिरतो, जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे तोच कॉल परत येणं.

नियम करा: पहिली दहा मिनिटं गेज पिशवीत. त्या दहा मिनिटांत फिल्टर, इनडोअर कॉइल, ब्लोअरच्या पात्यांवरचा थर, आउटडोअरच्या मागची जाळी, व्होल्टेज, कॉम्प्रेसरचा करंट, आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान. हे सात आकडे आणि निरीक्षणं कागदावर उतरल्यावरच पुढे जायचं.

बर्फाचं नीट शिकवा. गॅस कमी असेल तर बर्फ कॉइलच्या सुरुवातीला आणि बारीक पाइपच्या नटावर धरतो, बाकी कॉइल कोरडी राहते. हवा कमी असेल, म्हणजे फिल्टर किंवा ब्लोअर भरलेला असेल, तर सगळी कॉइल पांढरी होते आणि बर्फ जाड पाइपवरून कॉम्प्रेसरकडे सरकतो. दुसऱ्या प्रकारात गॅस भरला तर पातळ (द्रवरूप) गॅस कॉम्प्रेसरमध्ये जातो आणि चांगलं मशीन मरतं.

दाबाचे आकडे पाठ करून घेताना गॅसचं नाव सोबतच घ्या. कॉइल 5 अंशांवर असेल तर आर-22 ला गेजवर साधारण 70 पीएसआय दिसतात, आर-410ए आणि आर-32 ला 120 च्या आसपास. आर-22 वर शिकलेला मुलगा आर-32 वर 120 बघून गॅस जास्त झाला म्हणतो आणि तो बाहेर सोडून देतो. इन्व्हर्टरमध्ये तर कॉम्प्रेसरचा वेग बदलला की दाब बदलतो, म्हणून तिथे दाबावर गॅस भरायचाच नाही. उरलेला काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचा, मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका काट्यावर तोलून भरायचा. आर-410ए मिश्रण आहे, तो सिलिंडरमधून पातळ अवस्थेतच घ्यावा लागतो. काही घरांत आर-290 ची मशिनं आहेत, म्हणजे प्रोपेन. तिथे सर्किटमध्ये गॅस असताना टॉर्च पेटवायची नाही, खिडक्या उघडायच्या, आणि मशीनच्या पुस्तकाबाहेर एक पाऊलही नाही.

मुंबईची हवा हा वेगळा विषय आहे, पुस्तकात तो येत नाही. जुलैत बाहेर 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असते तेव्हा हवेतलं बाष्प 27 अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावरही पाणी होऊन बसतं. मशीनची बरीचशी ताकद पाणी काढण्यात जाते, त्यामुळे आत-बाहेरच्या हवेतला फरक कोरड्या दिवसापेक्षा कमी दिसतो. मशीन बिघडलं असं समजून मुलं गॅस भरतात. याच दिवसांत पाणी गळतीचे कॉल येतात. तिथे शोधायचा क्रम असा: ड्रेन पॅनमधला गाळ, इनडोअरची पातळी, ड्रेन पाइपला मध्येच आलेली चढण (उतार मीटरला किमान एक सेंटीमीटर हवा), आणि टेप फार आवळल्यामुळे चपटं झालेलं इन्सुलेशन. पुष्कळ वेळा पाणी मशीनचं नसतंच, भिंतीतल्या भोकापाशी उघड्या राहिलेल्या चार इंच तांब्याचं असतं.

वर्सोवा, वरळी, बँडस्टँड अशा समुद्राकडच्या घरांत आउटडोअरच्या कॉइलच्या पत्र्या (फिन) मिठानं भुसभुशीत होतात. तिथे जेट पंपाचा झोत आडवा मारला तर पत्र्या गळून हातात येतात. साधं पाणी, कमी दाब, पत्र्यांच्या दिशेनं. गळती शोधताना कॉइलच्या टोकाची वळणं आधी बघायची.

सरावासाठी मशिनं दोनच आहेत, हरकत नाही. मुद्दाम दोष घाला. फिल्टरमागे पुठ्ठा, आउटडोअरच्या मागे गोणपाट, 50 मायक्रोफॅरडच्या जागी 35 चा कॅपॅसिटर, रूम सेन्सरच्या जागी चुकीचा रेझिस्टर. सहा-सहांचे चार गट करा. एका वेळी दोन गट मशीनवर, पंधरा मिनिटं, आणि हात लावण्याआधी निदान लेखी. उरलेले दोन गट तोपर्यंत आधीच्या गटाचा कागद तपासतील.

आणि इन्व्हर्टरचा पीसीबी (सर्किट बोर्ड): मेन बंद केल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर डीसी काही मिनिटं टिकून राहतो. मीटर डीसीवर लावून आकडा खाली आलेला दिसल्याशिवाय बोट लावायचं नाही. मुलं मीटर एसीवरच ठेवतात, शून्य बघतात आणि हात घालतात.

---

परांची_ते_छज्जा

मी उंचीवरच्या कामांचं सुरक्षा प्रशिक्षण घेतो. दोन्ही उत्तरांत आउटडोअर बसवायचा म्हटलंय, पण तो बसतो कुठे? खिडकीच्या खालच्या छज्ज्यावर, ग्रिलच्या बाहेर किंवा डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत). या ट्रेडमधला जिवाचा खरा धोका तिथे आहे, आणि वर्कशॉपमध्ये मशीन जमिनीवर असतं म्हणून मुलाला तो कधी भेटतच नाही. सर, एक पूर्ण शनिवार याला हवाच.

बेल्ट म्हणजे पूर्ण शरीराचा हार्नेस. कमरेचा पट्टा पडताना पाठ मोडतो. बेल्ट घातला म्हणजे काम झालं असंही नाही, दोर बांधला कुठे ते महत्त्वाचं. खिडकीचं ग्रिल चार स्क्रूंवर असतं, त्याला बांधायचं नाही. ड्रेनेजचा पाइप, एसीचा स्टँड, पलंगाचा पाय, कपाट, हे सगळं बाद. घरातला आरसीसीचा खांब किंवा तुळई, तिच्याभोवती चपटी पट्टी, आणि तिला दोर. सोयीचा खांब नसेल तर तसं ऑफिसला कळवायचं, जुगाड करायचा नाही.

आता एक हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या. दोर दोन मीटर, झटका शोषणारं पाकीट उलगडलं की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, बेल्टच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, आणि पायाखाली एक मीटर मोकळं. सव्वासहा मीटर झाले. म्हणजे पहिल्या मजल्यावर किंवा खाली पुढे आलेला छज्जा असेल तिथे हा दोर माणसाला जमिनीच्या आधी थांबवणार नाही. तिथे दोर इतका आखूड हवा की माणूस कडेच्या पलीकडे जाऊच शकणार नाही. हे गणित कळलेला मुलगा दोर बांधताना विचार करतो.

छज्ज्यावर पाय देण्याआधी हातोडीनं ठोकून बघायचं. जुन्या इमारतींत आतल्या सळया गंजून फुगतात आणि काँक्रीट सुटतं. पोकळ आवाज, गंजाचे तपकिरी ओघळ किंवा लांब भेग दिसली तर त्यावर उभं राहायचं नाही, स्टँडही त्यात ठोकायचा नाही. पावसाळ्यात शेवाळ असतं. पाऊस चालू असताना बाहेर जायचंच नाही, ग्राहक कितीही मागे लागला तरी.

सराव असा: वर्कशॉपच्या खिडकीबाहेर जमिनीलगत छज्ज्याएवढी, म्हणजे दीड-दोन फुटी फळी ठेवा. हार्नेस घालून, दोर बांधून, मुलानं खिडकीतून त्या फळीवर उतरायचं आणि आउटडोअरचे दोन फ्लेअर नट आवळायचे. प्रत्येक हत्यार मनगटाला दोरीनं बांधलेलं. आत दुसरा मुलगा उभा, त्यानं जागा सोडायची नाही, फोन घ्यायचा नाही. दीड टनाचा आउटडोअर तीस किलोच्या आसपास असतो. तो वाकून एकट्यानं खिडकीबाहेर ढकलायचा नाही. दोर लावून दोघांनी सोडायचा.

आणि नाही म्हणायचं वाक्य पाठ करून घ्या, अक्षरशः पाठ: "साहेब, इथे दोर बांधायला जागा नाही. परांची किंवा क्रेडलची सोय झाली की मी लगेच येतो." वाक्य तयार नसलं की अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा संकोचानं बाहेर पाय टाकतो.

---

शिल्पनिदेशक_मुंबई

मनापासून आभार. फळीचा सराव लगेच घेता येईल. दोन शंका आहेत. एक, काही सर्व्हिसवाले मुलांना सांगतात की सीझनमध्ये व्हॅक्यूमला वेळ नसतो, मशीनच्याच गॅसनं हवा ढकलून द्या. मुलांना मी काय उत्तर देऊ? दोन, पगाराबद्दल त्यांना आधीच काय सांगावं?

---

सर्व्हिस_अंधेरी

हवा ढकलून देणं हे आर-22 च्या काळातलं आहे, आणि तेव्हाही चुकीचंच होतं. आर-32 पेट घेऊ शकतो. बंद खोलीत, छज्ज्याजवळ कोणी सिगारेट ओढत असताना तो सोडायचा नाही. शिवाय तोलून भरलेल्या गॅसमधला काही भाग त्यात जातो, आणि पाइपातली ओल तशीच राहते.

---

कूलिंग_लाईन

त्या ओलीचं कारण मुलांना समजावा, मग ती स्वतःच व्हॅक्यूम करतील. आर-32 आणि आर-410ए सोबत जे तेल येतं ते हवेतलं पाणी झपाट्यानं शोषतं. पाणी आणि तेल मिळून आम्ल तयार होतं, ते मोटरच्या वाइंडिंगचं आवरण खातं. पावसाळ्यात पाइपाचं तोंड अर्धा तास उघडं ठेवणंसुद्धा महागात पडतं, म्हणून टोपण शेवटच्या क्षणी काढायचं.

गेजच्या सुईवर भरवसा नको. 500 मायक्रॉन (व्हॅक्यूम मोजायचं एकक, आकडा कमी तितका व्हॅक्यूम चांगला) असो की 5,000, सुई त्याच जागी दिसते. वर्कशॉपला एक मायक्रॉन गेज मिळवा. 500 च्या खाली आलं की व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवायचा आणि दहा मिनिटं आकडा बघायचा. थोडा चढून थांबला तर ओल आहे, पंप परत लावा. चढतच राहिला तर जोड गळतोय. पंपाचं तेल दुधाळ दिसलं की बदलायचं, पावसाळ्यात ते लवकर दुधाळ होतं. तेल खराब असलेला पंप तासभर चालवूनही 500 वर येत नाही, आणि मुलगा बिचारा गळती शोधत बसतो.

---

डिस्पॅच_दादर

सर, मी सर्व्हिस सेंटरला कॉल वाटपाचं काम बघते. पगाराच्या प्रश्नावर उत्तर देते, कारण मुलं सोडून जातात ती बहुतेक इथेच अडकून.

पहिल्या दिवशीच मुलांपुढे दिवसाचं गणित मांडा. सहा कॉल, प्रत्येकी पाऊण तास काम आणि 40 मिनिटं प्रवास धरला तर साडेआठ तास होतात. यात पार्ट घ्यायला ऑफिसला येणं नाही, जेवण नाही, गेटवर नोंदीसाठी थांबणं नाही. एप्रिल-मेमध्ये हे रोजचं असतं. जून उजाडला की कॉल निम्म्यावर येतात, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा थोडे वाढतात. पैसे कॉलवर मिळणार असतील तर मे महिन्याचा आकडा बाराने गुणून स्वप्नं बघायची नाहीत.

नोकरी घेताना विचारायचे प्रश्न लिहून द्या. पैसे महिन्यावर की कॉलवर? रिपीट कॉल (त्याच तक्रारीचा) किती दिवसांत आला तर कापतात, आणि दोष पार्टचा असेल तरी कापतात का? हत्यारं कोणाची? पेट्रोल की रेल्वेचा पास? जुलै-ऑगस्टमध्ये ठेवणार की घरी बसवणार? पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) भरतात का? ईएसआय महिना 21,000 रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू आहे, आणि उंचीवरून पडलेल्या मुलासाठी तेच कार्ड दवाखान्याचं दार उघडतं. अप्रेंटिसला ईएसआय नसतं, पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्यानं मालकाचीच आहे. म्हणून अप्रेंटिसशिपचा करार पोर्टलवर नोंदवलेला आहे ना, हे मुलानं स्वतः बघायचं. नुसत्या तोंडी शब्दावर राबायचं नाही.

दुसरं, कागद. आमच्याकडे मुलाची किंमत निम्मी कामावर ठरते, निम्मी जॉब शीटवर. काम सुरू करण्याआधीचा फोटो, नंतरचा फोटो, मशीनचा सीरियल नंबर, व्होल्टेज, करंट, दोन तापमानं. आधीपासून भिंतीला तडा किंवा टीव्हीला ओरखडा असेल तर त्याचा फोटो ग्राहकाला दाखवून घ्यायचा. ग्राहकाकडून ओटीपी मशीन पंधरा मिनिटं चालवून झाल्यावर मागायचा, आधी नाही. काढलेला पार्ट ग्राहकासमोर पिशवीत, त्यावर कॉल नंबर. पार्ट परत आला नाही तर पैसे मुलाच्या नावावर चढतात.

बोलण्याचा सराव म्हणजे गोड बोलणं नव्हे. तीन वाक्यं पुरतात: काय बिघडलंय, काय करणार, किती पैसे लागतील. हे हत्यार उचलण्याआधी सांगायचं. खर्च काम झाल्यावर सांगितला की भांडण ठरलेलं. घरात एकट्या आजी असतील तर शेजाऱ्याला किंवा मुलाला फोनवर घेऊन खर्च सांगायचा. मराठी, हिंदी दोन्हींत करून घ्या, कारण मुलं वर्गात मराठीत समजतात आणि ग्राहकासमोर हिंदीत अडखळतात.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही: लोकलमध्ये गॅसचा सिलिंडर न्यायला मनाई आहे. पिशवीत गुंडाळून नेणं हा गुन्हा आहे, आणि आर-32 असेल तर डब्यातल्या सगळ्यांच्या जिवाशी खेळ. सिलिंडर ऑफिसच्या गाडीनं येईल की नाही हे कॉल घेतानाच विचारायचं.

---

प्लांटरूम_परळ

एक भर घालतो. सगळ्या 24 जणांना घरोघरच्या कामातच ढकलू नका. चढ-उतार, उंची, ग्राहकाशी बोलणं हे काहींच्या स्वभावात बसत नाही, आणि ती मुलं ट्रेडला वाईट नसतात. हॉस्पिटल, मॉल, मोठी ऑफिसं यांच्या चिलर प्लांटला (थंड पाणी फिरवणारा मोठा एसी) शिफ्टवर ऑपरेटर लागतात. काम वेगळं: दर तासाला पाण्याचं आत-बाहेर तापमान, दाब, अँपिअर लॉगबुकात लिहायचे, कूलिंग टॉवरचं पाणी बघायचं, पंप बदलून चालवायचे. पगार महिन्याचा असतो, पावसाळ्यात काम थांबत नाही, रात्रपाळी मात्र असते. तसंच औषधांचे फ्रिज, डीप फ्रीझर, कोल्ड रूम यांचं दुरुस्तीकाम बारा महिने चालतं.

एका शनिवारी एखाद्या प्लांट रूमला मुलांना घेऊन जा, आणि जाण्याआधी लॉगबुकाचं एक कोरं पान द्या. तिथल्या गेजवरून प्रत्येकानं स्वतः ते भरायचं, ऑपरेटरला विचारून नाही. कोणाला या कामात गोडी आहे ते त्या पानावरून लगेच दिसेल.

हत्यारांबद्दल: मुलांनी पहिल्या पगाराआधी कर्ज काढून मोठा संच घेऊ नये. क्लॅम्प मीटर, फ्लेअरिंग टूल, पाइप कटर, दोन पाने, टेस्टर, तापमापक एवढं स्वतःचं पुरे, आणि ते नागदेवी स्ट्रीटला हातात घेऊन बघूनच घ्यावं. मीटर मात्र डीसी व्होल्ट आणि मायक्रोफॅरड दोन्ही मोजणारा हवा. पंप, काटा, नायट्रोजन, हार्नेस हे मालकानं द्यायचं असतं. हार्नेस देत नसेल तर तिथे कामाला लागू नका.

---

शिल्पनिदेशक_मुंबई

असं बसवतोय: तीन शनिवार घड्याळ लावून इन्स्टॉलेशन, तीन दोष शोधण्याचे, एक फळी आणि हार्नेसचा, एक मायक्रॉन गेजचा, एक जॉब शीट व नोकरीच्या प्रश्नांचा, एक प्लांट रूम. परांची दादा, हार्नेस वर्कशॉपला नाहीत. किती लागतील आणि विकत घेताना काय बघायचं?

---

परांची_ते_छज्जा

सहा जणांच्या गटाला दोन पुरतील. आयएस 3521 चा शिक्का, उत्पादनाची तारीख आणि पाठीमागे छातीच्या उंचीला कडी आहे का बघा. पट्ट्यांची शिवण उलटून बघा, कुठे धागा सुटलेला किंवा रंग उडून कडक झालेला असेल तर घेऊ नका. जुना, कुणीतरी वापरून दिलेला फुकट मिळाला तरी नको, कारण एकदा झटका खाल्लेला बेल्ट बाहेरून ओळखू येईलच असं नाही. झटका शोषणाऱ्या पाकिटाचे दोर दोन आणि पाकीट नसलेले आखूड दोर दोन, असे वेगवेगळे घ्या, म्हणजे पहिल्या मजल्याचं गणित मुलांना हातात धरून दाखवता येईल.